करण्यासारखं काही नाही, म्हणे!

मे महिना उलटला किंवा दिवाळीची सुट्टी संपली, की कोकणातून परतलेल्या मंडळींचं एक वाक्य ठरलेलं असतं. ‘छान आहे हो सगळं, पण पोरंबाळं घेऊन गेलं की करण्यासारखं काही नाही.’ समुद्र पाहिला, देव झाला, मासे खाऊन झाले. आता दुसऱ्या दिवशी काय? ऐकायला ही साधी तक्रार वाटते, पण तिच्यातूनच पुढे एक अख्खं धोरण निघतं. मग वॉटर पार्क हवा, झिपलाइन हवी, वाळूवर भुर्रकन जाणाऱ्या चारचाकी मोटारसायकली हव्यात, गाडी थेट लाटांपर्यंत जाईल असा रस्ता हवा. हे सगळं झालं की कोकणाचा गोवा होणार. वक्ता रंगात आलेला असेल तर कॅलिफोर्निया. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि तेव्हापासून कोकणातल्या पर्यटनाच्या प्रत्येक सभेत थोड्याफार फरकाने हीच कॅसेट वाजते.

मला हे म्हणणं मुळातच चुकीचं वाटतं. करण्यासारखं खूप आहे, पण ते गाडीत बसून करता येत नाही, एवढीच त्यातली अडचण आहे. कोकणात घरच्या मंडळींनी दिवस घालवायचा तो पायी, आणि भरती-ओहोटी बघून. दोन ‘पॉइंट’च्या मधला जो पट्टा आपण काचा वर करून, एसी लावून, मागच्या सीटवर पोरांच्या हातात मोबाइल देऊन पार करतो, तिथेच कोकण असतं. पॉइंटवर उतरून फोटो काढला की मागे उरतं ते वाहनतळ, आणि वाहनतळावर करण्यासारखं काही नसतं, हे मान्य.

चालण्याचं नाव काढलं की पहिला आक्षेप येतो: पोरं चालत नाहीत आणि म्हाताऱ्यांना चालवत नाही. याचं उत्तर मी एकाच तालुक्यातल्या दोन देवळांवरून देतो. दापोलीजवळ आसूदला केशवराजाचं देऊळ आहे. गाडी वरच दाबकेवाडीत ठेवायची. घरांच्या मधून खाली उतरायचं, नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जायचं. बाजूने पाटाचं पाणी खळखळत असतं. मग नदीवरचा छोटा पूल आणि पुढे झाडांच्या सावलीत दमछाक करणाऱ्या पायऱ्या. वर चिरेबंदी आवारात देऊळ आणि गोमुखातून अखंड पडणारं पाणी. श्री. ना. पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’चा मुलूख तो हाच. देवळापर्यंत गाडी जात नाही, म्हणून सगळे चालतात. आजी तीनदा टेकते, पण पोचते. चार वर्षांचं पोर जाताना पाटात पाय घालून बसतं आणि ते उठायला तयार नाही म्हणून अख्खं कुटुंब अर्धा तास तिथेच रेंगाळतं. पोफळीच्या झावळीची विरी पडलेली दिसली की तिच्यावर एकाने बसायचं आणि दुसऱ्याने ओढायचं, हे कुठल्याही ‘अ‍ॅक्टिव्हिटी डेस्क’ने शिकवावं लागत नाही. जाऊन येऊन, बसत उठत, दोन-अडीच तास जातात. केशवराजाला जाऊन ‘करण्यासारखं काही नव्हतं’ म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

आता दुसरं देऊळ, आंजर्ल्याच्या कड्यावरचा गणपती. पूर्वी इथे यायचं तर होडीने खाडी ओलांडायची, गावातून चालायचं आणि जांभ्या दगडाच्या पाखाडीने चढायचं. दोन्ही बाजूंना गडगे, त्यांच्यावरून बाहेर डोकावणारी जास्वंद आणि आंब्याच्या फांद्या, पावसाळ्यानंतर दगडांच्या सांध्यातून उगवलेलं नेचं. वर टेकाडावर आलं की एकदम समोर समुद्र आणि डावीकडे दूर पाण्यात सुवर्णदुर्ग. आता खाडीवर पूल आहे आणि गाडी देवळाच्या अंगणापर्यंत जाते. दर्शन, फोटो, नारळपाणी, वीस मिनिटांत गाडी पुन्हा चालू. पाखाडी अजून आहे, पण पर्यटक तिच्याकडे फिरकत नाही, कारण ती आहे हेच त्याला कुणी सांगत नाही. रस्त्यावर देवळाकडे दाखवणारा बाण आहे, पाखाडीकडे दाखवणारा बाण माझ्या तरी नजरेला पडला नाही. त्याच दापोलीत आलेलं तेच कुटुंब केशवराजाला अडीच तास रमतं आणि आंजर्ल्याला वीस मिनिटांत कंटाळतं. पोरांचे आणि आजीचे पाय दोन्हीकडे तेच. फरक त्यांच्यापुढे आपण काय ठेवतो त्यात पडतो.

गणपतीपुळ्याला तर टेकडीलाच देव मानलेलं आहे, त्यामुळे प्रदक्षिणा घालायची ती अख्ख्या डोंगराला, साधारण एक किलोमीटरची. गुडघे दुखणाऱ्या आत्या आणि कडेवरचं बाळ, सगळे ती घालतात. तिला कुणी ट्रेक म्हणत नाही. म्हणजे कुटुंबानं मिळून चालणं ही आपल्याकडे काही परदेशातून आणायची गोष्ट नाही. पायाखाली फरसबंदी आणि मनात कारण असलं की पुरे होतं.

दुसरा आक्षेप समुद्राचा. ‘बीचवर तासाभरात कंटाळा येतो.’ येणारच, कारण चुकीच्या तासाला गेलेलं असतं. हॉटेलच्या खोलीत वायफायचा पासवर्ड लिहून ठेवलेला असतो, नाश्त्याची वेळ असते, चेकआउटची तर ठळक अक्षरात असते. भरती-ओहोटीची वेळ मात्र कुठेही नसते. किनाऱ्यावरचा माणूस ती कॅलेंडरवरून सांगतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे, म्हणजे नऊच्या आसपास, ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी ऐन दुपारी बाराला. पुनवेला आणि अवसेला भरती सव्वाअकरा-बाराच्या दरम्यान, म्हणजे संध्याकाळी उन्हं कलताना पाणी पार मागे गेलेलं. शिवाय तेव्हा उधाणाचे दिवस, त्यामुळे एरवी न दिसणारे खडकही उघडे पडतात. अष्टमीच्या मागेपुढे भांगाचे दिवस, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. हा हिशेब घड्याळाच्या काट्याला चिकटत नाही, थोडं मागेपुढे होतं, पण सहलीची तारीख ठरवायला पुरेसा आहे. आपण मात्र तारीख ठरवतो ती शनिवार-रविवार आणि लाँग वीकेंड बघून, आणि भर दुपारी भरलेल्या पाण्यासमोर उभं राहून म्हणतो, इथे काय करायचं!

ओहोटीला त्याच जागी काय होतं ते बघा. ओल्या वाळूवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी उमटलेली असते. मधोमध एक बारीक भोक आणि त्याच्याभोवती गोळ्यांच्या ओळी. हे काम चिमुकल्या खेकड्यांचं. वाळू तोंडात घ्यायची, तिच्यातलं खाण्याजोगं खरवडून घ्यायचं आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची. आपण जवळ गेलो की सगळे बिळात. हलायचं नाही, उकिडवं बसायचं. मिनिटाभरात एकेक जण डोकावतो. ज्या मुलाला ‘एका जागी बसत नाही’ म्हणून आईबाप कंटाळलेले असतात, ते इथे श्वास रोखून बसतं. पुढे खडकांच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात बोटाएवढे मासे, शंखात घर केलेले खेकडे. त्याच्याही पलीकडे गावातल्या बाया कोयतीने खडकावरची कालवं काढत असतात. त्यांच्या पाठीमागे जाऊन उभं राहण्याआधी विचारलं तर त्या बोलतात, न विचारता मोबाइल रोखला तर पाठ फिरवतात, आणि ते बरोबरच आहे.

मालवण, आचरा, वेंगुर्ल्याकडे नशीब असेल तर रापण बघायला मिळते. होडीने जाळं समुद्रात अर्धवर्तुळात टाकून येतात आणि मग दोन टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढत राहतात. तास दीड तास हे चालतं. बघणाऱ्यांनी हात लावला तर बहुधा कुणी नको म्हणत नाही. जाळं वाळूवर आलं की तारली, बांगडे, पेडवे यांची तडफड आणि वाटणीची गडबड. यांत्रिक पर्ससीन जाळ्यांपुढे रापणकरांचं कंबरडं मोडलं आहे, तो वेगळा आणि मोठा विषय. इथे मुद्दा एवढाच, की सुट्टीतल्या मुलाला अर्धा दिवस पुरेल असं हे काम डोळ्यांसमोर चाललेलं असतं आणि त्याच किनाऱ्यावर दोनशे पावलांवर त्याचे वडील बनाना राइडच्या रांगेत नंबर लावून उभे असतात. बनाना राइडशी माझं वैर नाही. स्थानिक पोरांनी स्कूबा आणि बोटींचा धंदा उभा केला, घरं चालवली, त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण ती राइड दहा मिनिटांची. उरलेल्या दिवसाचं काय, हा प्रश्न तिने सुटत नाही.

‘समुद्र धोक्याचा आहे, म्हणून तर कुंपणातला तरणतलाव हवा,’ असंही म्हणतात. धोका खराच आहे. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याच्या महाविद्यालयातली डझनाहून जास्त मुलं बुडाली. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा घ्या. दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या फटीतून पायऱ्या उतरत माणूस थेट लाटांपाशी येतो आणि मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलेल्या कातळावरून डोंगराला वळसा घालत देवळाशी परततो. कोकणातल्या सगळ्यात सुंदर वाटांपैकी ही एक, आणि सगळ्यात फसव्या वाटांपैकीही. ओहोटीला आजीचा हात धरून जाता येतं, भरतीला त्याच कातळावरून लाट माणसाला ओढून नेते, आणि नेलेलंही आहे. यावर उपाय काय? वाट बंद करून शेजारी कृत्रिम लाटांचा हौद बांधायचा? की पायऱ्यांच्या तोंडाशी रोजच्या वेळा खडूने लिहिलेला एक फळा आणि वेळ टळली की साखळी लावणारा एक माणूस ठेवायचा? दुसरा उपाय स्वस्त आहे. त्याचं उद्घाटन करता येत नाही, त्यावर कुणाचं नाव कोरता येत नाही, हाच त्याचा दोष.

गाड्यांचं तर बोलायलाच नको. जवळजवळ प्रत्येक हंगामात वाळूत रुतलेल्या गाडीचा आणि तिला ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा व्हिडिओ फिरतो आणि लोक हसतात. भरती वर चढत असते, मालक कपाळाला हात लावून उभा. हसू मलाही येतं, पण त्या चाकांखाली वर सांगितलेल्या गोळ्या करणाऱ्यांची अख्खी वस्ती गेलेली असते. याच वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात. आणि माणसांपुरतं बोलायचं तरी, जिथे गाड्या वळणं घेत पळतात तिथे कुठली आई दोन वर्षांच्या पोराचा हात सोडेल? म्हणजे मुलांना बागडायला असलेली सर्वांत मोठी फुकटची जागा आपण वाहनतळ करतो आणि मग त्यांच्यासाठी तिकीट लावून प्ले एरिया मागतो.

‘पण रोजगार?’ हा खरा गंभीर आक्षेप, त्याला उडवून लावता येणार नाही. चालणारा पर्यटक खर्च करत नाही, असं धरून चाललेलं असतं. वेळासकडे बघा. मंडणगड तालुक्यातलं हे नाना फडणवीसांचं गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि पुढे २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. गावात रिसॉर्ट नव्हतं. लोक घराघरांतून उतरले, पडवीत झोपले, उकडीचे मोदक आणि आमटी-भात जेवले, पहाटे गावातून चालत किनाऱ्यावर गेले. तिथे कुंपणातल्या घरट्यांवरच्या टोपल्या कार्यकर्ते उचलतात. कधी पिल्लं निघतात, कधी टोपलीखाली नुसती वाळू. निघाली नाहीत तर संध्याकाळी पुन्हा चालत यायचं. हमी नसलेल्या, तासभर ताटकळायला लावणाऱ्या, पायी जाऊन बघायच्या गोष्टीसाठी मुंबई-पुण्याची कुटुंबं रांगा लावून येतात आणि त्यांचा पैसा गावातल्या चुलींपर्यंत पोचतो. गाडीतून पॉइंट करणारा पर्यटक काय ठेवून जातो? बहुतेक वेळा पेट्रोल महामार्गावर भरलेलं, चकल्या-चिवडा घरून आणलेला, जेवण मोठ्या हॉटेलात. चालणारा माणूस तहानतो, भुकेजतो, थांबतो. कोकम सरबत, सोलकढी, वाटेवरच्या घरी सांगून ठेवलेलं जेवण, परत यायला रिक्षा, हे सगळं त्याच्याच खिशातून जातं.

राजापूर तालुक्यात कशेळीला असा दिवस सहज जमतो. सकाळी कनकादित्याचं देऊळ, मग देवघळीचा कडा आणि किनारा, आणि ऊन उतरलं की सड्यावरचा हत्ती. कातळात कोरलेला, सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात इतर जनावरं, मासे. पहिली पाच मिनिटं नुसत्या रेघा दिसतात. मग कुणीतरी पोर ओरडतं, ही सोंड! आणि पुढे मोठ्यांना दाखवायचं काम पोरांकडे जातं. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आता तिथेही थेट कातळापर्यंत डांबर न्यायचा मोह होईल.

एक आक्षेप मात्र मला निरुत्तर करू पाहतो आणि तो कोकणी माणसाचाच आहे. ‘तुम्हाला चालायची हौस. आम्ही जन्मभर चाललो, कारण रस्ता नव्हता.’ दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे १८७५ मध्ये परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्याला पायी गेले, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. त्या चालण्यात रमणीय काही नव्हतं. आजारी माणसाला डोलीतून न्यायचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना पाखाडीचं कौतुक ऐकवणं हा उद्धटपणा होईल. म्हणून स्पष्ट सांगतो: रस्ते हवेत, पूल हवेत, रुग्णवाहिका दारापर्यंत गेली पाहिजे. पण गावाला हवा असलेला रस्ता आणि पर्यटकाच्या सोयीसाठी वाळूत उतरवलेला रस्ता यांची गल्लत गावकरी करत नाहीत, ती सभेतले वक्ते करतात.

गैरसोयींबद्दल मी तक्रारवाल्यांच्या बाजूचाच आहे. किनाऱ्यावर बाईमाणसाला जाता येईल असं स्वच्छतागृह सापडणं म्हणजे लॉटरी. गावातल्या अरुंद रस्त्यावर पादचाऱ्याला बाजूला सरकायलाही जागा नाही, एसटी आली की गडग्याला चिकटून उभं राहायचं. मे महिन्यात अकरा ते चार चालणं हा शहाणपणा नव्हे. तेव्हा जेवून, पंख्याखाली आडवं व्हावं, जसं तिथला माणूस होतो. चालायचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मे हा आंब्यांचा. पण या यादीत झिपलाइन कुठेच नाही. स्वच्छतागृह, सावली, पाखाडीचा बाण, भरतीचा फळा, गाड्यांना वाळूच्या अलीकडे अडवणारे चार दगड: गरज आहे ती या गोष्टींची, आणि ग्रामपंचायतीला त्या झेपण्यासारख्या आहेत.

आता रेवस ते रेडी सागरी महामार्ग होऊ घातला आहे, सुमारे ५०० किलोमीटरचा. कल्पना मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळातली, १९८० च्या आसपासची. त्यात खाड्यांवर पूल येणार: आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड. दाभोळहून धोपाव्याला आज फेरीबोटीने जाताना गाडीतले सगळे खाली उतरून कठड्याशी उभे राहतात, पोरं वाऱ्यात ओरडतात, कुणी बगळे मोजतं. पूल झाला की वेळ वाचेल, आणि तो वाचायला हवाच. पण जनसुनावणीत भूसंपादनाचा दर विचारून झाला की आणखी दोन प्रश्न विचारायला हरकत नाही. पुलाच्या कडेला माणसाला चालत खाडी ओलांडता येईल एवढी पट्टी आराखड्यात आहे का? आणि पूल झाल्यावर फेरीबोट निदान सुट्टीच्या हंगामात चालू ठेवायची कुणी? उत्तर मिळेपर्यंत बसून राहावं, कारण काँक्रीट पडल्यावर कठडा चार फूट मागे सरकत नाही.